मोकळी झालेली तारीख

कुठल्याही मोठ्या इस्पितळात एक खिडकी अशी असते, जिथं माणूस औषध मागायला येत नाही, तारीख मागायला येतो. या इस्पितळात ती तळमजल्यावर, जिन्याच्या खाली होती. वर पाटी होती, 'मानसोपचार नोंदणी'. रांगेतली माणसं शक्यतो त्या पाटीकडे पाठ करून उभी राहायची. ओळखीचं कुणी भेटलंच, तर "एक्स-रेची रांग हीच ना?" असं विचारून वेळ मारून नेता येते!

खिडकीच्या आत बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीताई म्हणत. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. इतकी वर्षं त्या एकाच खुर्चीत बसल्या होत्या, की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक असावं.

काम सोपं होतं आणि जीवघेणं होतं. इस्पितळात मानसतज्ज्ञ बाई एकच. त्यांना भेटायची तारीख मिळायची कित्येक महिन्यांनंतरची.

"अहो, पोरगं आत्ता जेवत नाहीये, आत्ता! आणि तुम्ही मला पुढच्या वर्षीचं काय सांगताय?" असं एखादी आई म्हणायची आणि तिथंच रडायला लागायची.

मग खिडकीताई पेन खाली ठेवायच्या. पाण्याची बाटली सरकवायच्या. "होईल हो सगळं नीट. असं खचून कसं चालेल? मी आहे ना!" आवाजात मायाच अशी होती की समोरच्याचा घसा मोकळा व्हायचा. रांगेतले लोकही कुरकुर न करता थांबायचे. आणि मंडळी, गंमत बघा, काही जण डोळे पुसत म्हणायचे, "ताई, तुमच्याशी बोलूनच हलकं वाटलं. माझी तारीख द्या दुसऱ्या कुणाला तरी."

खिडकीताई नाव खोडायच्या आणि त्या जागी रांगेतल्या पुढच्याला बसवायच्या. तिथल्या भाषेत याला 'तारीख मोकळी करणं' म्हणत. एकाचं दुःख हलकं झालं, दुसऱ्याला जागा मिळाली. यात वाईट ते काय?

प्रशासकसाहेबांना तर यात सगळं चांगलंच दिसलं. एक दिवस ते स्वतः जिन्याखाली आले, वाकून खिडकीत डोकावले.

"तुमच्या विभागाची प्रतीक्षायादी घटलीये ताई! सगळ्या इस्पितळात फक्त तुमची! काय जादू करता?"

"जादू कसली साहेब, जरा दोन शब्द बोलते."

"तेच तर पाहिजे. आपल्या बाई या वर्षाअखेर निवृत्त होताहेत. बाहेरून माणूस आणायचा म्हणजे त्याचा पगार ऐकूनच मला घाम फुटतो. तुम्ही बी.ए. आहात ना? मानसशास्त्रात कुठलीही मास्टर्स आणा. ऑनलाइन असली तरी चालेल. कागद हातात आला की ती खुर्ची तुमची."

खिडकीताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिन्याखालून उठून वरच्या मजल्यावर, दार असलेल्या खोलीत! आपल्या नावाची पाटी! घरी सांगितलं तर मुलगी उडीच मारून उठली. नवरा म्हणाला, "बघ बाई, तू वर गेलीस तर लिफ्ट मात्र मला विचारून वापर. तिचा भरवसा मी देत नाही."

त्या दिवसापासून शोध सुरू झाला. भाजी निवडताना, कुकरची शिट्टी मोजताना, बसची वाट बघताना, मोबाईल कायम हातात. स्वस्त, ऑनलाइन, मानसशास्त्र, पदव्युत्तर. नामांकित विद्यापीठांचे अभ्यासक्रम चांगले होते, पण त्यांचं शुल्क बघून त्यांनी मोबाईल उपडा ठेवला. तेवढ्यात मुलीचं पुढचं सगळं शिक्षण झालं असतं. शिवाय त्यांच्यात प्रात्यक्षिक होतं. आठवड्यातले काही दिवस एखाद्या दवाखान्यात जाऊन जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम करा म्हणे. खिडकी सोडून कसं जाणार?

मग जाहिरातीच त्यांना शोधत आल्या. एका संस्थेचा माणूस रोज फोन करू लागला. आवाज मधात घोळलेला. "मॅडम, सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे." दुसऱ्या दिवशीही शेवटचाच दिवस असायचा. नवऱ्यानं त्याचं नावच शेवटचा-दिवस ठेवलं. "घे, तुझा शेवटचा-दिवस परत आला. हा काही संपत नाही लेकाचा!"

पण शेवटचा-दिवस सांगत होता ते गोड होतं. व्हिडिओ सवडीनं बघा. परीक्षा घरूनच द्या. शुल्क हप्त्यानं भरा. "आणि मॅडम, प्रात्यक्षिकाची कटकट नाही!" पगार झाला की पहिला हप्ता भरते, असा शब्द खिडकीताईंनी देऊन टाकला.

हे बाईंना सांगायला त्या जेवणाच्या सुट्टीत वर गेल्या. मानसतज्ज्ञ बाई चहात बिस्कीट बुडवत बसल्या होत्या. बोलायला रोखठोक, तोंडावर कौतुक करायची सवय अजिबात नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हिडिओ बघशील, परीक्षा देशील. ठीक आहे. पण माणूस तुझ्यासमोर बसेल तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसणार?"

"शेजारी कशाला कोण हवं, बाई?"

"चूक दाखवायला. मी शिकत होते तेव्हा आमच्या मॅडम मागं कोपऱ्यात बसायच्या. एकदा एक मुलगी बोलता बोलता गप्प झाली. मी लगेच म्हटलं, होईल गं सगळं ठीक. ती निघून गेल्यावर मॅडमनी मला विचारलं, 'ती गप्प झाली तेव्हा तू का बोललीस? तिची भीती घालवायला की स्वतःची?' मी त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. पण तो प्रश्न कुणी विचारला नसता, तर मी आजवर तेच करत राहिले असते. हे व्हिडिओत नसतं गं."

"म्हणजे मला जमत नाही म्हणता? लोक तर म्हणतात, हलकं वाटतं."

"हलकं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. आणि अगं, रांगेत नाव असणं हीसुद्धा एक दोरी असते. तू ती त्यांच्या हातातून सोडवून घेतेस, हे मला बरं वाटत नाही. मी साहेबांना दोनदा बोलले. त्यांना आकडा आवडतो."

खिडकीताईंना हे तोंडात मारल्यासारखं लागलं. जिना उतरताना त्या मनात म्हणाल्या, शिकलेल्यांचा तोरा, दुसरं काय! जाता जाता खुर्ची सोडवत नाही, म्हणून हे सगळं.

त्याच आठवड्यात टाचणीवाली आली. बाजारातल्या एका गाळ्यात कपडे लहान-मोठे करून देणारी ही बाई, कुर्त्याच्या गळपट्टीवर कायम टाचण्या खोचलेल्या. तिला तारीख मिळाल्याला बरेच महिने झाले होते आणि ती आता अगदी तोंडावर आली होती. मागच्या खेपांना ती आली की बोलताना तिचे हात थरथरायचे. त्या दिवशी मात्र ती शांत होती. केस विंचरलेले होते. हसलीसुद्धा.

"ताई, मला आता नको ती तारीख. खरंच नको. मन एकदम शांत झालंय बघा. तुमच्या बोलण्यानंच झालं. कुणा गरजवंताला द्या."

"बघा! मी म्हटलं नव्हतं? होतं सगळं नीट. आणि काही वाटलंच तर मी आहे ना!"

टाचणीवालीनं खिडकीच्या फटीतून हात आत घालून ताईंचा हात दाबला आणि ती गेली. खिडकीताईंनी नाव खोडलं. बाईंना आता बोलावून हे दाखवावं, असंही मनात येऊन गेलं.

सोमवारी सकाळी टाचणीवालीचा भाऊ खिडकीशी आला. त्याला तारीख नको होती.

"माझ्या बहिणीनं काल स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. शेजारीण वेळेवर पोचली म्हणून वाचली. वरच्या वॉर्डात आहे. तिची तर या आठवड्यात तारीख होती ना ताई? मग ती म्हणते, तारीख नाही. असं कसं? आम्ही सगळे त्या तारखेच्या भरवशावर होतो!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते खिडकीताईंना त्या क्षणी कळलं. तारीख मोकळी केली, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार? पण त्यांनी सांगितलं. तो ओरडला नाही. जिना चढून वॉर्डाकडे गेला.

दुपारी त्या वॉर्डात गेल्या. टाचणीवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. खिडकीताई स्टुलावर बसल्या. सवयीनं ओठांवर आलं, होईल सगळं नीट. त्यांनी ते गिळलं. टाचणीवालीच बोलली, भिंतीकडे बघतच.

"तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना. मी काल आले होते ताई. खिडकी बंद होती. काल रविवार होता."

अरेरे! 'मी आहे ना' हे तीन शब्द किती सहज बोललो आपण! आणि आपण होतो कुठे? सुट्टीच्या दिवशी घरी, पाय पसरून, मनाचं शास्त्र सवलतीत मिळतंय म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालून!

खिडकीताई तशाच बाईंच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेऊन रडल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं. गप्प हो म्हणाल्या नाहीत, पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसत्या समोर बसून राहिल्या.

"माझ्यामुळं झालं, बाई. ती शांत दिसली म्हणून मी नाव खोडलं."

"ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. तारीख असती तरी हे टळलं असतं, असं मी तुला छातीठोक सांगणार नाही. इतके दिवस तळमळणारं माणूस एकाएकी शांत झालं, तर आम्ही घाबरतो. तू खूष झालीस. यात तुझं मन वाईट नव्हतं. तुला कुणी शिकवलंच नव्हतं."

"तुम्ही सांगितलं होतं की."

"सांगणं आणि शिकवणं यात फार फरक आहे गं. तो फरक फुकटात मिळत नाही, हेच तर दुखणं आहे."

संध्याकाळी फोनवर शेवटचा-दिवस बोलला, "मॅडम, पगार झाला असेल ना? आज खरोखर शेवटचा दिवस आहे."

खिडकीताईंनी विचारलं, "एक सांगा. तुमच्याकडं शिकताना पेशंट माझ्या समोर बसेल, तेव्हा माझ्या शेजारी कोण बसणार?"

"शेजारी?" तो गोंधळला. मग खुलून म्हणाला, "कुणीच नाही मॅडम! सगळं घरबसल्या आहे. कुणाचाही त्रास नाही!"

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवणाची सुट्टी सोडली आणि ज्यांनी ज्यांनी तारखा मोकळ्या केल्या होत्या, त्यांना फोन लावायला घेतले. कितीतरी नंबर बंद झाले होते. एक गृहस्थ खेकसले, "झालंय माझं बरं, उगाच कशाला उकरून काढता?" ते खरंच बरे झाले होते का, देव जाणे. एका आईनं सांगितलं, पोरगा घर सोडून गेला, आता तारीख कुणासाठी घेऊ? काही जण मात्र म्हणाले, "द्या ताई. तेव्हा तुमच्या समोर बरं वाटलं होतं, घरी पोचेपर्यंत टिकलं नाही." त्यांची नावं परत घातली, ती रांगेच्या शेपटाला. आणि त्या तारखा पडल्या बाईंच्या निवृत्तीनंतरच्या.

साहेब पुन्हा जिन्याखाली आले. या खेपेला वाकले नाहीत.

"यादी वाढली कशी एकदम?"

"साहेब, ती कमी झालीच नव्हती. माणसं दिसेनाशी झाली होती, एवढंच."

"बरं बरं. तुमच्या पदवीचं कुठवर आलं?"

"तो कागद मी घेणार नाही. खरा अभ्यासक्रम करीन म्हणते. त्यात प्रात्यक्षिक आहे. आठवड्यातून दोन दिवस सुट्टी मिळाली, तर आपल्या बाईच देखरेख करायला तयार आहेत. निवृत्तीनंतरसुद्धा येतील म्हणाल्या. शुल्काचं मी बघेन कसंतरी."

"दोन दिवस? आणि खिडकी कोण सांभाळणार? तुमच्या जागी माणूस ठेवायला पैसे कुठायत?" साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वरून त्याला जेवढे मिळायचे, तेवढ्यात तो भागवत होता. या विभागाला मिळायचे ते सगळ्यात शेवटी, उरले तर. मनाचा ताप काही थर्मामीटरला दिसत नाही!

सुट्टी मिळाली नाही. घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मी जास्तीच्या पाळ्या करतो. तू नोकरीच सोड." पण दोघांनाही ठाऊक होतं, मुलीचं कॉलेज दारात उभं आहे. मग मुलगी आतून म्हणाली, "आई, मी एक वर्ष थांबू का?" यावर खिडकीताई इतक्या जोरात "नाही!" म्हणाल्या की तिघंही दचकले. तो विषय तिथं संपला.

वर्ष सरलं. बाई निवृत्त झाल्या आणि आठवडाभरात त्यांच्या खुर्चीत नवीन मानसतज्ज्ञ आली. खिडकीताईंच्याच वयाची, आधी एका दुकानात हिशेब लिहायची, साधी, हसतमुख बाई. तिची पदवी कुठली, ते विचारायचीही गरज नव्हती. तिनं आपणहून अभिमानानं सांगितलं, "घरबसल्या केली हो! सवलत होती. त्यांचा माणूस रोज फोन करायचा बिचारा." साहेबांना स्वस्तात माणूस मिळालं. दारावर तिच्या नावाची पाटी लागली.

पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ती जिना उतरून खिडकीशी आली. रांग नव्हती. चेहरा उतरला होता. इकडंतिकडं बघून तिनं हळूच विचारलं, "ताई, तुम्ही इथं जुन्या. एक विचारू? कुणी समोर बसून रडायला लागलं, की काय करायचं असतं?"

एके काळी खिडकीताईंनी पटकन उत्तर दिलं असतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला येतं असं वाटायचं. तुम्हालाही येत नाही, हे वर जाऊन साहेबांना सांगाल का? मी येते बरोबर."

नव्या बाईचे डोळे भरले. "सांगितलं तर नोकरी जाईल हो. घरात मी एकटीच कमावती आहे."

दोघी खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. जेवणाची सुट्टी संपली आणि नवी बाई वर गेली. तिच्या खोलीबाहेर माणसं येऊन बसली होती.

वाचकहो, या दोघींपैकी कुणाला दोष द्यायचा? दोघी गरीब, दोघी मायाळू, दोघींनी परवडेल ते शोधलं. परवडणारं शोधण्यात लाज कसली! तुम्ही शोधा, तुमच्या लेकीसुनांनाही शोधू द्या. पण शुल्काच्या आधी एक प्रश्न विचारा: शिकताना, दुखावलेलं माणूस माझ्या समोर बसेल, तेव्हा माझी चूक दाखवायला माझ्या शेजारी कोण बसणार? उत्तर 'कुणीच नाही' असं आलं, तर ती पदवी फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिची किंमत तुम्हाला नाही, रांगेतल्या माणसाला मोजावी लागते. आणि ज्यांना शिकायचं नाही, त्या आपणा सगळ्यांनाही एक विचारायचं आहे. हाड मोडलं तर आपण शिकलेला डॉक्टर मागतो, भांडून मागतो. मन मोडलं की मात्र कुणी गोड बोललं तरी आपलं भागतं. आपण मागत नाही, म्हणून साहेब देत नाहीत, म्हणून खऱ्या शिक्षणाची वाट आपल्यातल्या गरिबाला बंद राहते. चूक इथं आहे!

खिडकीताई आजही त्याच खुर्चीत आहेत. कुणी रडलं तर पाणी देतात आणि रडून होईपर्यंत थांबतात. कुणी "आता तारीख नको" म्हणालं, तर त्या नाव खोडत नाहीत. "राहू दे, आणि त्या दिवशी या," एवढंच म्हणतात. त्या तारखेला वरच्या खोलीत त्या माणसाला काय मिळणार आहे, हे त्यांना माहीत असतं. तरीही त्या तारीख देतात, कारण त्यांच्याकडे द्यायला दुसरं काहीच नाही.